नाना, मूठ सोडा!

शिवना टाकळीचं धरण भरलं की देवगाव रंगारीत हात दुखणाऱ्यांची संख्या वाढते. कोरड्या सालात ती पार खाली येते. या दोन गोष्टींचा संबंध आरोग्य खात्यानं अजून लावलेला नाही, पण गावातल्या मेडिकलवाल्यानं लावला आहे. पाणीसाठ्याची बातमी पेपरात आली की तो मलमाच्या ट्यूबा पुढच्या फळीवर मांडतो.

आमच्या कन्नड तालुक्यात पाणी ही रोज दिसणारी वस्तू नाही. शिवना नदी डोंगरातून उतरते, लासूरला दाक्षायणी देवीच्या पायाशी येते आणि पुढं जाऊन गोदावरीला मिळते, असं नकाशा सांगतो. उन्हाळ्यात पाहुण्यांना नदी दाखवायची म्हटलं तर नकाशाच दाखवावा लागतो. त्यामुळे धरणात पाणी दिसलं की त्याचं काय करू आणि काय नको, असं माणसाला होतं. ज्याच्याकडे रान आहे तो कांदा लावतो, आद्रक लावतो. ज्याच्याकडे रान नाही, किंवा आहे पण पोरगा त्यात हात घालू देत नाही, तो गळ घेऊन काठावर जाऊन बसतो.

काठावर बसणाऱ्यांत पोरं सर्वांत जास्त. त्यांचं भांडवल म्हणजे पाण्याची रिकामी बाटली, तिला गुंडाळलेला तंगूस, टोकाला गळ, गळाला गांडूळ. ती कधी पाण्यात असतात, कधी चिखलात, कधी दुसऱ्याच्या पेरूच्या झाडावर. मासा लागला तर लागला. त्यांचे हात दुखल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. दुसरे आमचे माळकरी भाऊ. गळ्यात तुळशीची माळ, हातात गळ. मासा काढतात, त्याच्या तोंडातून गळ सोडवतात, त्याला नमस्कार करतात आणि परत पाण्यात सोडतात. माशाला या व्यवहारातून काय मिळतं, ते विचारायची सोय नाही.

आणि मग नाना.

नाना निवृत्त गुरुजी. आयुष्यभर मराठी शिकवलं. पुण्यातल्या मुलानं त्यांना वाढदिवसाला एकात एक सरकणारी लांबलचक काठी पाठवली, चकरीसकट. खोक्यावर समुद्रातून उसळी मारणाऱ्या एका अजस्र माशाचं चित्र होतं. नाना ती काठी घेऊन पहिल्यांदा बसस्टँडवरून निघाले तेव्हा कुणीतरी विचारलंच, "नाना, ह्या काठीनं काय जायकवाडी ओढून आनता का?" नानांनी उत्तर दिलं नाही. खोक्यावरचा मासा त्यांच्या डोक्यात शिरला होता.

आता आमच्या धरणात निघतं काय, तर चिलापी. तळहाताएवढी. नशीब असेल तर रहू, कटला. फार मोठं नशीब असेल तर मरळ. पण नानांनी काठी धरली ती खोक्यावरच्या माशासाठी. दोन्ही मुठी आवळलेल्या, मनगटं आत वळलेली, खांदे कानापर्यंत, दातावर दात. शाळेत छडीसुद्धा त्यांनी इतकी घट्ट धरली नव्हती, असं त्यांचे माजी विद्यार्थी सांगतात, आणि त्यांचा अनुभव दांडगा आहे.

मी शेजारी बसून पाहायचो. मला गळ टाकता येत नाही. गळ टाकणाऱ्यांकडे पाहण्याचा मला नाद आहे आणि त्याला परवाना लागत नाही. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. मासा लागल्यावर जी ओढाताण होते ती फार तर मिनिटभराची. नानांचा हात जायचा तो त्याच्या आधीच्या दोन तासांत. न आलेल्या माशाला ते धरून बसायचे. कोणत्याही क्षणी येईल, म्हणून मूठ सोडायची नाही. आणि येत नाही, म्हणून आणखी आवळायची. एका रविवारी उठायची वेळ झाली तर बोटं उघडेनात. काठी हाताला चिकटल्यागत झाली. शेवटी बाटलीवाल्या पोरांनी एकेक बोट सोडवून काठी काढून घेतली. त्यातला एक म्हणाला, "गुर्जी, सोडा की, आम्ही नाही नेत तुमची काठी."

संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात नानांचा हात टेबलावर मांडला गेला आणि गावानं तो तपासला. इथं एक सांगायला हवं. देवगावात कुणाला पैशाची अडचण असली तर लोक घड्याळात पाहतात. दुखणं असलं की खुर्ची ओढून बसतात. एक म्हणाला, निरगुडीचा पाला गरम करून बांधा. दुसऱ्यानं एरंडाचं पान सुचवलं. तिसऱ्यानं महानारायण तेल. जिमला जाणारा एक तरुण म्हणाला, "नाना, तुमची ग्रिप वीक आहे, रोज शंभर वेळा रबरी चेंडू दाबा." म्हणजे आवळून दुखलेल्या हाताला आणखी आवळायचा उपाय. केळी खा, असं तर सगळेच म्हणाले. गोळा कुठंही आला तरी आपल्याकडे केळ खायला सांगतात.

मग एकानं फोन काढला आणि लोणच्याच्या खाराची बातमी वाचून दाखवली. बातमी खोटी नव्हती. २०१० साली अमेरिकेत असा प्रयोग झालेला आहे. तरुण गड्यांना व्यायाम करायला लावून घाम काढला, पायाच्या अंगठ्याच्या स्नायूला विजेचे हलके झटके देऊन मुद्दाम गोळा आणला आणि मग कधी काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं, कधी साधं पाणी. लोणच्याच्या पाण्यानं गोळा लवकर सुटला. गंमत म्हणजे ते पाणी पोटातून रक्तात उतरायच्या आतच सुटला. म्हणजे मिठानं झीज भरून काढली असं म्हणता येईना. चवीच्या तडाख्यानं घशातूनच मज्जातंतूंना काही निरोप जात असावा, असा संशोधकांचा कयास. नानांनी घरी जाऊन कैरीच्या लोणच्याचा खार वाटीभर घेतला. अमेरिकेतल्या काकडीच्या लोणच्यात मीठ आणि व्हिनेगर असतं. आपल्या खारात तेल, मोहरी, मेथी, हिंग आणि सासूबाईंची कृती. हाताचा गोळा सुटला की नाही ते कळायला मार्ग उरला नाही, कारण रात्रभर नानांचं लक्ष छातीतल्या जळजळीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" नाना म्हणाले, "निवृत्त आहे." डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं आणि गोळ्या लिहिल्या. आता रोग्याला त्याचं काम विचारावं, हा आग्रह मूळचा बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याचा. कामगारांच्या आजारांवर त्यानं १७०० साली अख्खं पुस्तक लिहिलं. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत तर दिवसभर लेखणी धरणाऱ्या कारकुनांचे हात कसे निकामी होतात तेही मांडलं. पण निवृत्त माणसाला काय काम करता, असं विचारून उपयोग नाही, हे त्या थोर वैद्याच्या ध्यानात आलं नसावं. काम सुटलेला माणूस कामावरच्या माणसापेक्षा जास्त राबतो, आणि ते डॉक्टरांना सांगत नाही.

नाना मराठीचे गुरुजी असल्यामुळे त्यांनी आपल्या दुखण्याला साहित्यात आधार शोधला. तो होताही. हेमिंग्वेची १९५२ ची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही कादंबरिका, पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेली 'एका कोळियाने'. क्यूबाचा म्हातारा सांतियागो. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, आणि लागतो तेव्हा होडीहून लांब मासा लागतो. त्या झुंजीत म्हाताऱ्याचा डावा हात ऐनवेळी आखडतो. म्हातारा हाताला रागावतो, त्याची समजूत घालतो, त्याला ताकद यावी म्हणून कच्चा ट्यूना कापून खातो, ऊन चढल्यावर तरी उघडेल म्हणून वाट बघतो. नानांनी हा सगळा भाग मला काठावर बसून सांगितला. सांगताना मूठ आवळलेलीच. मी म्हणालो, "नाना, त्याचा मासा अठरा फुटी होता." नाना म्हणाले, "झुंज महत्त्वाची." त्यांच्या शेजारच्या बादलीत एक चिलापी होती. ती कच्ची खाण्याइतकं साहित्यप्रेम मात्र नानांकडे नव्हतं.

पण त्या पुस्तकात एक फार नेमकी जागा आहे आणि ती नानांच्या नजरेतून सुटली होती. म्हाताऱ्याला वाटतं, आत्ता आपल्या हाताखालचा पोरगा बरोबर असता तर त्यानं हात वर कोपराकडून चोळत आणून मोकळा केला असता. हेमिंग्वे स्वतः मोठमोठे मासे धरणारा गडी, त्याला ठाऊक होतं. बोटांमध्ये स्नायू नसतात. बोटं मिटवणारे दांडगे स्नायू राहतात मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, आणि तिथून कंडरा नावाच्या दोऱ्या मनगटाच्या बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. म्हणजे नाना तळव्याला मलम चोळत होते आणि दुखणं राहत होतं अर्धा हात वर. हाताला सत्तावीस हाडं आहेत. जायकवाडीलाही दरवाजे सत्तावीसच. ते सगळे दरवाजे ज्या यंत्रानं हलतात ते यंत्र वेगळ्या खोलीत असतं, एवढं तरी मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

स्नायू आवळून धरला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. रक्त कमी, कचरा साठलेला, आणि वरून हुकूम की धरून ठेव. मग कधीतरी तो हुकूम पाळायचा थांबतच नाही. सोड म्हटलं तरी सोडत नाही. मनगट आत वळवून धरलं तर आणखी वाईट, कारण तशी पकडच लागत नाही. विश्वास नसेल तर मनगट पुढं दुमडून मूठ आवळून पाहा, आणि मग ते जरा मागं नेऊन पाहा. पहाटे थंडीत हात बधिर झाला की किती आवळतोय ते कळत नाही, ओला असला की काठी सुटेल म्हणून आणखी आवळला जातो. आणि बारीक मूठ असलेली काठी धरायला जाड मुठीच्या काठीपेक्षा जास्त जोर लागतो. बाटलीवाल्या पोरांचं गुपित हेच असावं. बाटली जाड, आणि पोराचं लक्ष दर दोन मिनिटांनी पेरूकडे.

हे सगळं नानांना मी सांगितलं असतं तर त्यांनी व्याकरणाच्या चुका काढल्या असत्या. सांगितलं नानींनी. नानी म्हशीची धार काढत होत्या आणि नाना शेजारी उभे राहून आपला हात दाखवत होते. नानींचा दिवस म्हणजे पहाटेची धार, मग स्वैपाक, मग रानात कापूस वेचणी, संध्याकाळी परत धार. त्यांच्या हाताची चर्चा हॉटेलात कधी झालेली नाही. त्या मान न वळवता म्हणाल्या, "अहो, मूठ आवळून बसलं तर दूध येतंय का? आवळायचं, सोडायचं. आवळायचं, सोडायचं. म्हैस सुदीक उभी ऱ्हाती मग."

नाना म्हणाले, "मासा म्हणजे म्हैस नाही."

"म्हैस रोज देती," नानी म्हणाल्या.

यात शास्त्र आहे. अंगठा दुमडून, चिमटीत धरून धार काढू नका, पूर्ण मुठीनं काढा, असं पशुसंवर्धन खात्याची माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. सडाला इजा होऊ नये म्हणून सांगतात, पण अंगठाही त्यातच वाचतो. आवळ-सोड केली की प्रत्येक सोडीला स्नायूत रक्त परत येतं. नानींनी पुढं काठीच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून दिली, कोरडं फडकं दिलं, थंडीचं म्हणून थर्मासात चहा दिला आणि सांगितलं, दोन्ही हातांनी धरत बसू नका, पाळीपाळीनं धरा, कोपर मांडीवर टेका. चकरीला ब्रेक असतो आणि तो जरा ढिला ठेवला की माशाची सगळी ओढ आपल्या हातावर येत नाही, तंगूस सुटत जातो, एवढं मात्र पुण्याच्या मुलानं फोनवरून सांगितलं. सहा महिने काठी वापरल्यावर.

धरणावर खरी मासेमारी करणारे वेगळे. तलाव ठेक्यानं मच्छीमार संस्थेकडे. शौकिनांना काठावर बसू देतात ते भलेपणानं. भोई मामा भल्या पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढायला जातात. फेकजाळं टाकताना त्यांना पाहावं. जाळ्याची एक कड दातात, बाकीचा घेर दोन्ही हातांवर सैल लोंबता, कमरेतून एक गिरकी, आणि पाण्यावर गोल उघडतो. धरणं जवळजवळ नाहीच. सगळी कला सोडण्यात. मी मोठ्या उत्साहानं नानांना म्हणालो, पाहा, यांचे हात कधी दुखत नसतील. मामांनी ते ऐकलं.

"दुखत नाहीत असं कोन म्हनलं?" मामा म्हणाले. "दुखतेत की. जाळ्यातून चिलापी सोडवा, तिचे काटे लागतेत. गार पान्यात चार तास हात. रातच्याला बोटं मिटत नाहीत. घरची तेल लावती. तुमचा शौक हाये, म्हनून दुखनं झालं. आमचा धंदा हाये. धंद्याला दुखनं म्हनत नाहीत."

नाना गप्प बसले. मग त्यांनी पिशवीतून मलमाची ट्यूब काढून मामांना दिली. मामांनी ती वास घेऊन परत केली. "ह्या वासानं मासे येत नाहीत, गुर्जी." नानांच्या बादलीत एकीच्या वर चिलापी का नसते, याचा उलगडा त्या सकाळी झाला.

श्रावण लागला तेव्हा नानांच्या हाताला सक्तीची रजा मिळाली. घरात मासा शिजणार नाही म्हटल्यावर काठी माळ्यावर गेली. समुद्रावर सरकार १ जून ते ३१ जुलै अशी बंदी घालतं. आमच्याकडे उरलेलं काम पंचांग करतं. महिनाभरात हात मोकळा झाला, मूठ मिटायला आणि उघडायला लागली, आणि हॉटेलात प्रत्येकानं हे आपल्याच उपायामुळे झालं असं जाहीर केलं. केळीवाल्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

पोळा झाल्यावर नाना परत काठावर आले ते शहाणे होऊन. बरोबर बाभळीचं एक बेचकं. ते चिखलात रोवलं, काठी त्यात ठेवली, बूड दगडाखाली दाबलं. आता धरायचं काहीच नाही. नाना माझ्याकडे पाहून हसले. दोन्ही हात मोकळे, मनगटं सरळ, खांदे खाली. मोकळ्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न पाच मिनिटं राहिला, मग नानांनी खिशातून फोन काढला.

फोनवर नानांचा सगळा कारभार उजव्या अंगठ्यावर. माजी विद्यार्थ्यांचे गट, नातेवाइकांचे गट, सुप्रभात, सुविचार, राजकारण. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ कळ येऊ लागली. या दुखण्याचं वर्णन स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ द कर्व्हां नावाच्या सर्जननं १८९५ सालीच करून ठेवलं आहे, तेव्हा सुप्रभात पाठवायची सोय नव्हती तरी. हॉटेलात आता अंगठा टेबलावर आहे. निरगुडीचा पाला परत निघाला आहे.

त्यातच एका दुपारी नाना एका विद्यार्थ्याच्या मुलाच्या बारशाला आशीर्वाद पाठवत होते. अंगठ्याचं काम चालू, नजर फोनवर. बेचक्यातली काठी एकदा वाकली. पोरं ओरडली, "गुर्जी, काठी!" नाना म्हणाले, "थांबा रे, एवढं पाठवू द्या." दगड सरकला, काठी बेचक्यातून निसटली आणि खोक्यावरच्या चित्राला शोभेल अशी पाण्यावरून सरसरत निघाली. चकरीचा ब्रेक त्या दिवशी कुणीतरी परत घट्ट केलेला होता. पोरांनी उड्या टाकल्या, पण काठी पुढं आणि पोरं मागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतः नानांच्या दारात आले. जाळ्यात काठी सापडली होती, आणि काठीच्या तंगुसाला चांगला जाडजूड रहू अजून लागलेला होता. नानांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"काठी तुमची," मामा म्हणाले. "मासा ठेक्याचा. वजन करून देतो, बाकी गिऱ्हाइकापरमानं."

नानांनी हुज्जत घातली नाही. रहू तोलला गेला, भाव ठरला, नानींनी पातेलं आणलं. पैसे फोनवरून द्यायचे होते, पण अंगठा हलेना, म्हणून पिन नातवानं टाकला. त्याला तो आधीपासून पाठ होता.